पुलावर की पुलाखालून? उपनगरातल्या गाडीसाठी जीपीएस निवडताना

विलेपार्ल्याहून पश्चिम द्रुतगती महामार्गाने उत्तरेकडे निघालेल्या गाडीला घाटकोपर गाठायचं असेल, तर अंधेरीला तिने पुलावर चढता कामा नये. डाव्या हाताने खाली राहायचं आणि सिग्नलला उजवीकडे वळून अंधेरी-कुर्ला रोड धरायचा. जी गाडी पुलावर चढली तिचं वळण डोळ्यांदेखत खाली मागे पडतं, आणि पुढची पंधरा मिनिटं यू-टर्नच्या नावाने खडे फोडण्यात जातात. या एका जागी वाहतुकीचे तीन मजले आहेत. खाली अंधेरी-कुर्ला रोड, त्यावरून महामार्गाचा उड्डाणपूल, आणि त्याच्याही डोक्यावरून वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचा केबलांवर तोललेला पूल. ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली.

गाडीसाठी रस्ता दाखवणारं साधन घ्यायला गेलेला माणूस सहसा स्क्रीन किती इंची आहे, आवाज मराठीत येतो का आणि कितीला पडेल, हे विचारतो. प्रश्न रास्तच आहेत. पण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या पट्ट्यात ज्याला गाडी चालवायची आहे त्याने आधी एकच गोष्ट बघावी: आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे त्या साधनाला कळतं का, आणि किती लवकर कळतं.

कारण जीपीएस नेमकं इथेच कच्चं आहे. ही यंत्रणा अमेरिकेची. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तिचे तीसेक उपग्रह फिरतात आणि प्रत्येक जण आपल्या अणुघड्याळातली वेळ सतत प्रसारित करत राहतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला साधारण ६७ मिलिसेकंद लागतात. गाडीतलं यंत्र तो वेळ मोजतं, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणतं आणि अंतर काढतं. वेळेत एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तर जमिनीवर ३०० मीटरचा फरक पडतो. आपल्या फोनमधलं घड्याळ अर्थातच इतकं काटेकोर नसतं, म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही. घड्याळातली चूक काढायला चौथा लागतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. तेव्हा शंभरेक मीटरचा फरक सहज पडायचा. ती भेसळ बंद झाली आणि गाडीत वापरण्याजोगं जीपीएस खऱ्या अर्थाने तेव्हा मिळालं. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरच्या आत आपली जागा सांगतो.

ही पाच मीटर आडवी झाली. उभ्या दिशेला गणित बिघडतं. आडव्या दिशेत उपग्रह चहूबाजूंना असतात, त्यामुळे एकाची चूक समोरचा दुरुस्त करतो. उभ्या दिशेत मात्र सगळेच्या सगळे आपल्या डोक्यावर. पायाखालून संदेश पाठवणारा कुणी नाही, मध्ये पृथ्वी आहे. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीडपट ते दुप्पट असते. म्हणजे सात ते दहा मीटर. आपल्याकडचा उड्डाणपूल खालच्या रस्त्यापासून सहा-आठ मीटरच वर असतो. थोडक्यात, ज्या गोष्टीची आपल्याला सर्वांत जास्त गरज आहे ती या मोजमापाच्या चुकीतच बुडून जाते. शिवाय महामार्ग आणि त्याचा सर्व्हिस रोड यांच्यामध्ये अनेक ठिकाणी फक्त एक दुभाजक आहे. तिथे आडवी पाच मीटरही पुरत नाहीत.

मग नकाशाला कसं कळतं? बहुतेक वेळा तो अंदाज बांधतो. वेग किती, सिग्नलला थांबलात का, तुम्हाला सांगितलेला मार्ग कोणता, यावरून ठरवतो की तुम्ही वर आहात. गूगलने जुलै २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांसाठी पुढे येणाऱ्या उड्डाणपुलाची आगाऊ सूचना द्यायला सुरुवात केली. मॅपमायइंडियाच्या मॅपल्समध्ये मोठ्या जंक्शनचं चित्र स्क्रीनवर उभं राहतं आणि कुठल्या लेनला लागायचं ते बाणाने दिसतं. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण त्या चढण्यापूर्वीच्या. एकदा चुकून खाली राहिलात, तर चूक लक्षात यायला नकाशाला वेळ लागतो. नवी मुंबईत जुलै २०२५ मध्ये याची जीवघेणी म्हणावी अशी आवृत्ती घडली. उलव्याकडे निघालेली एक गाडी मध्यरात्री बेलापूरच्या खाडीपुलावर न चढता त्याच्या खालच्या रस्त्याने गेली, ती थेट ध्रुवतारा जेट्टीवरून खाडीत. सागरी सुरक्षा पोलीस जवळच होते, म्हणून चालक महिला वाचली. ती फोनवरचा नकाशा बघून जात होती, असं बातम्यांत आलं.

आता बाजाराकडे वळू. कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत जाऊन नुसतं 'जीपीएस दाखवा' म्हटलं, तर दोन वेगळ्याच वस्तू समोर येऊ शकतात. पहिली म्हणजे ट्रॅकर. ही सिमकार्ड घातलेली छोटी डबी गाडीच्या वायरिंगमध्ये लपवतात आणि मालकाला घरबसल्या फोनवर गाडी कुठे आहे ते दिसतं. टॅक्सी, बस, शाळेच्या गाड्या अशा प्रवासी वाहनांना जे एआयएस-१४० मानकाचं यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे, ते याच जातीचं. ट्रॅकर चालकाला रस्ता सांगत नाही. चालकाबद्दल दुसऱ्याला सांगतो. ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांना त्याचा उपयोग असेल, पण आपला विषय तो नाही. म्हणून दुकानात शिरतानाच 'नॅव्हिगेशन' हा शब्द वापरावा.

दुसरी वस्तू म्हणजे काचेला चिकटवायचा वेगळा डबा, आणि ती आता शोधावी लागते. एके काळी तिचा थाट होता. दिल्लीच्या राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने १९९५ मध्ये डिजिटल नकाशांचं काम सुरू केलं, त्यातून मॅपमायइंडिया उभी राहिली. पुढे तिचे आणि गार्मिनचे नॅव्हिगेटर आपल्या गाड्यांत दिसू लागले. ग्लव्ह बॉक्समधल्या आयशरच्या नकाशापुस्तकाची जागा त्यांनी घेतली. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत फोनवरच वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट द्यायला सुरुवात केली आणि या डब्यांचे दिवस भरले. गार्मिन आणि टॉमटॉम या दोन्ही कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी आपटले. जुना डबा आज कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र वाईट नव्हतंच. त्यातला नकाशा जिथे थांबला तिथेच थांबलाय, ही अडचण आहे.

उपनगरात नकाशा शिळा व्हायला वेळ लागत नाही. अंधेरीचा गोखले पूलच घ्या. जुलै २०१८ मध्ये त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला, आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळेचना. दोघांच्या उंचीत माणूसभर फरक. त्यावर अख्ख्या मुंबईने विनोद करून झाले. जुलै २०२४ मध्ये ते दोन पूल जोडले गेले आणि मे २०२५ मध्ये गोखले पूल पूर्ण खुला झाला. म्हणजे तीन वर्षांच्या आत एकाच पुलाच्या चार अवस्था. जून २०२५ मध्ये विक्रोळीला रेल्वेवरचा पूर्व-पश्चिम पूल सुरू झाला, तोही जुन्या नकाशात नाही. टोलचं तर विचारूच नका. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी अशा मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. ज्या साधनाला हे माहीत नाही, ते 'टोल टाळा' म्हटल्यावर मुलुंडकराला आजही ठाण्याला जाताना आडवाटेने फिरवेल.

नकाशाचं ताजेपण म्हणजे विकत घेण्याच्या दिवशीची तारीख नव्हे. पुढची पाच वर्षं तो कोण, किती वेळा, फुकट की पैसे घेऊन अद्ययावत करणार, हा प्रश्न आहे. गाडीबरोबर कंपनीने दिलेल्या नॅव्हिगेशनबाबत शोरूममध्ये हे जरूर विचारावं. काही गाड्यांत अपडेट आपोआप येतो, काहींत सर्व्हिस सेंटरला जाऊन घ्यावा लागतो, काहींत ठरावीक वर्षांनंतर पैसे मोजावे लागतात. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर ते वैशिष्ट्य तुमच्या हिशेबात शून्य धरा.

कंपनीच्या यंत्राची एक जमेची बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. ते चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरशी आणि वळण ओळखणाऱ्या जायरोस्कोपशी जोडलेलं असतं. उपग्रह दिसेनासे झाले तरी गाडी किती मीटर पुढे गेली आणि किती अंश वळली याचा हिशेब ते चालू ठेवतं. किनारी रस्त्याच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात फोनवरचा निळा ठिपका भांबावतो, तिथे हे यंत्र शांतपणे पुढे सरकत राहतं. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून व्हायचे आहेत, ते पावणेपाच किलोमीटरच्या आसपासचे. तेव्हा हा फरक उपनगरालाही जाणवेल. मेट्रोच्या खांबांखाली, अंधेरी-कुर्ला रोडवर किंवा बोरिवली-दहिसरच्या लिंक रोडवर, तो आजच जाणवतो.

सगळ्यात जास्त खपते ती वस्तू म्हणजे बाहेरून बसवून घ्यायचा अँड्रॉइड स्टिरिओ. नऊ-दहा इंची स्क्रीन, चकाचक दिसतो. दुकानदार 'दोन-बत्तीस', 'चार-चौसष्ट' असे आकडे सांगतो, म्हणजे दोन जीबी रॅम आणि बत्तीस जीबी साठा. "साहेब, कपलर टू कपलर बसवतो, एक वायर कापणार नाही," हे वाक्य ऐकू आलं तर बरं. ते लिहून घेतलं तर आणखी बरं, कारण वायर कापली की गाडीच्या वॉरंटीवरून वाद होतात. पण नॅव्हिगेशनच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू खोक्याच्या तळाशी असते: बिस्किटाएवढा काळा चौकोन, पाठीला लोहचुंबक, आणि त्याला दोन-तीन मीटरची बारीक वायर. हा जीपीएसचा अँटेना. आत सिरॅमिकची चकती असते आणि तिचं तोंड आकाशाकडे हवं. घाईत असलेला फिटर तो स्टिरिओच्या मागे, लोखंडी पट्ट्यांच्या जाळ्यात, जसा पडेल तसा कोंबतो आणि डॅशबोर्ड बंद करतो. मग महिनाभर मालक म्हणतो, स्टिरिओ भंगार निघाला. अँटेना पुढच्या काचेलगत, डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, सपाट आणि उताणा बसवून घ्यायचा. बसवताना समोर उभं राहायचं. प्लॅस्टिक आणि काच संदेशाला आडवी येत नाहीत, धातू येतो. काही महागड्या गाड्यांच्या पुढच्या काचेला उष्णता परतवणारा धातूचा अतिसूक्ष्म थर असतो, तिथेही संदेश क्षीण होतो.

या स्टिरिओला इंटरनेट लागतं आणि ते शेवटी तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवरूनच येतं. फोन गाडीत आहेच, तर त्याच्याकडूनच काम का करून घेऊ नये? अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले यांचा अर्थ तोच. दोन्हींची घोषणा २०१४ मध्ये झाली. डोकं फोनचं, पडदा गाडीचा. नकाशा ताजा राहतो, आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, आणि अनेक गाड्यांत फोनला गाडीच्या अँटेनाचा आधारही मिळतो. नवी गाडी घेताना स्वतःचं नॅव्हिगेशन असलेल्या वरच्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजायचे की नुसतं कारप्ले-ऑटो असलेलं खालचं घ्यायचं, असा पेच असेल, तर उपनगरातल्या रोजच्या वापरासाठी खालचं पुरतं.

मग उरतो फोन. नवा घ्यायचाच असेल तर त्यात दुहेरी लहरींचं जीपीएस आहे का ते बघा. जुने फोन एल-१ ही एकच लहर ऐकतात. पवईच्या किंवा मुलुंडच्या टॉवरांमध्ये हा संदेश काचेच्या भिंतींवर आपटून येतो, लांबचा प्रवास केल्यामुळे उशिरा पोहोचतो, आणि फोनला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. एल-५ या दुसऱ्या लहरीचे ठोके दहापट जलद असल्याने सरळ आलेला संदेश आणि आपटून आलेला संदेश वेगळे ओळखता येतात. अँड्रॉइडवर जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप आहे. ते उघडून गच्चीवर उभे राहा. यादीत एल-५ दिसलं तर फोन उपनगराच्या लायकीचा. त्याच यादीत आपल्या इस्रोचे नाविकचे उपग्रहही दिसू शकतात. त्यातला पहिला १ जुलै २०१३ रोजी अवकाशात गेला. पुढे काहींमधली परदेशी अणुघड्याळं बंद पडली, आणि २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच भारतीय बनावटीचं घड्याळ बसलं. आज नुसत्या नाविकवर गाडी हाकता येणार नाही. पण डोक्यावर उपग्रह जितके जास्त तितका फोनचा निवाडा पक्का.

फोन ठेवायचा कुठे, यावर फोनच्या किमतीइतकाच विचार करावा. एप्रिल-मेच्या दुपारी काचेला चिकटवलेला फोन तापतो, चार्जिंग थांबवतो, स्क्रीन अंधुक करतो आणि कधी कधी बंदच पडतो, तेही नेमक्या वळणावर. एसीच्या जाळीला लावायचा होल्डर त्यामानाने बरा. गार वारा फोनला मिळतो, आणि समोरचा रस्ता झाकला जात नाही.

पावसाबद्दल दोन गैरसमज आहेत. ढगांमुळे जीपीएस जातं, हा पहिला. जात नाही, या लहरी ढगांतून आणि पावसातून आरपार येतात. जीपीएसला इंटरनेट लागतं, हा दुसरा. लागत नाही, इंटरनेट नकाशासाठी आणि ट्रॅफिकसाठी लागतं. पाणी तुंबून मोबाइलचं जाळं कोलमडलं तर ठिपका बरोबर असतो, त्याच्याखालचा नकाशा कोरा होतो. म्हणून मुंबई-ठाणे-पालघरचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा. तासाभराचं काम नाही, वायफायवर काही मिनिटांत होतं.

पण अंधेरी सबवेत किती फूट पाणी आहे हे कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. नकाशातले लाल-हिरवे रंग रस्त्यावरच्या फोनच्या वेगावरून ठरतात. २०२० मध्ये बर्लिनच्या एका कलाकाराने ९९ फोन हातगाडीत घालून रिकाम्या रस्त्यावरून फिरवले, तर नकाशावर तिथे ट्रॅफिक जाम दिसू लागला. पाण्याचं, खड्ड्याचं, बंद केलेल्या पुलाचं ज्ञान या रंगांना नसतं. कुणीतरी कळवावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि एकाचा जीव गेला. तो पूल दरवर्षी काही महिने पाण्याखाली असतो हे गावाला माहीत होतं, नकाशाला नव्हतं. जोराचा पाऊस लागला की निघण्याआधी मुंबई वाहतूक पोलिसांचे एक्सवरचे संदेश बघावेत. सबवे बंद झाल्याचं तिथे कळतं.

कायद्याचीही एक गोष्ट. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार चालकाला हातातलं उपकरण फक्त मार्ग बघण्यासाठी वापरता येतं, आणि तेही त्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. होल्डरमधला फोन यात बसतो, मांडीवरचा बसत नाही.

तर, गाडीला आधीच ऑटो किंवा कारप्ले असेल तर काहीही विकत घेऊ नका. नसेल तर एक चांगला होल्डर, जाडसर चार्जिंग केबल आणि दोन नकाशांची ॲप एवढा खर्च पुरे. स्टिरिओ घ्यायचाच असेल, तर पैसे पूर्ण देण्याआधी दुकानदाराला शेजारी बसवून गाडी अंधेरीच्या त्या पुलाखालून एकदा आणि वरून एकदा काढा.